आइस्क्रीमचे मोजमाप : ग्रॅमचे मिलिलिटर करताना हिशेब कुठे चुकतो?

धागाकर्ता

मागच्या आठवड्यात मी घरच्या यंत्रावर बऱ्याच मोठ्या प्रमाणात आइस्क्रीम करण्याचा घाट घातला होता. कृतीतले सगळे जिन्नस ग्रॅममध्ये दिलेले होते आणि त्यांची बेरीज बरोबर ३ किलो होत होती. दूध आणि साय यांचाच भरणा असल्यामुळे एक किलो म्हणजे साधारण एक लिटर असे मी गृहीत धरले आणि एक-एक लिटरचे तीन डबे स्वच्छ करून, थंड करून तयार ठेवले. यंत्रातून एकेक घाणा निघत गेला तसे तिन्ही डबे काठोकाठ भरले आणि तरीही अर्ध्या लिटरहून अधिक आइस्क्रीम भांड्यात शिल्लक राहिले. दुसरा डबा शोधेपर्यंत ते विरघळू लागले आणि पुन्हा गोठवल्यावर त्यात बर्फाचे खडे झाले, याचे मला फार वाईट वाटले.

याच्या अगदी उलट अनुभव विकतच्या डब्याचा आहे. डब्यावर एक लिटर असे लिहिलेले होते, पण वजनकाट्यावर ठेवल्यावर आतला ऐवज जेमतेम ५४० ग्रॅम भरला. माझ्या ३ किलोचे साडेतीन लिटरहून जास्त होते आणि तिकडे एका लिटरचे अर्ध्या किलोपेक्षा थोडेसेच जास्त होते, तर मग आइस्क्रीमच्या वजनाचे आकारमानात रूपांतर करण्यासाठी नेमका कोणता आकडा वापरावा? ज्यांनी हा हिशेब काळजीपूर्वक केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपल्या दोन्ही अनुभवांचे उत्तर एकच आहे आणि ते म्हणजे हवा. दूध, तेल किंवा साखरेचा पाक यांच्यासाठी घनतेचा एक ठरलेला आकडा सांगता येतो, पण आइस्क्रीम हा गोठलेला फेस असल्यामुळे त्यात किती हवा घुसळली गेली आहे हे कळल्याखेरीज वजनावरून आकारमान काढताच येत नाही. या हवेमुळे होणाऱ्या फुगवट्याला आइस्क्रीमच्या धंद्यात ओव्हररन म्हणतात. यंत्रात घातलेल्या मिश्रणाच्या आकारमानात शेकडा किती वाढ झाली, तो आकडा म्हणजे ओव्हररन. एक लिटर मिश्रणाचे दीड लिटर आइस्क्रीम झाले तर ओव्हररन ५० टक्के, आणि दोन लिटर झाले तर १०० टक्के.

हवेला हिशेबात घेण्याजोगे वजन नसते, म्हणून मिश्रणाचे वजन घुसळण्याआधी आणि नंतर तेच राहते आणि फक्त आकारमान वाढते. दूध, साय आणि साखर यांच्या नेहमीच्या मिश्रणाची घनता मिलिलिटरला सुमारे १.१ ग्रॅम असते. तिला १ अधिक ओव्हररन (२५ टक्के म्हणजे ०.२५) या बेरजेने भागले की तयार आइस्क्रीमची घनता मिळते. २५ टक्के ओव्हररन असेल तर १.१ भागिले १.२५, म्हणजे ०.८८, ५० टक्क्यांना ०.७३ आणि १०० टक्क्यांना ०.५५.

आता आपला हिशेब पाहू. ३ किलो मिश्रण म्हणजे सुमारे २७३० मिलिलिटर. ते डब्यांत आणि भांड्यात मिळून ३.६५ लिटरच्या आसपास झाले असेल, तर आपल्या यंत्राचे ओव्हररन ३४ टक्के आणि घनता ०.८२ झाली. घरगुती यंत्राच्या मानाने हा आकडा अगदी स्वाभाविक आहे. विकतच्या डब्यातील ५४० ग्रॅम मात्र १०० टक्क्यांच्या ओव्हररनशी जुळतात, म्हणजे त्या डब्याचा अर्धा भाग हवा आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. ५० टक्के ओव्हररन म्हणजे अर्धी हवा नव्हे. एक लिटर मिश्रणात अर्धा लिटर हवा मिसळली तर एकूण दीड लिटरमध्ये हवा अर्धा लिटर, म्हणजे एक तृतीयांश असते. ओव्हररनचा आकडा मूळ मिश्रणाच्या तुलनेत असतो आणि हवेचा हिस्सा तयार आइस्क्रीमच्या तुलनेत. त्यामुळे २५ टक्के ओव्हररनला हवा एक पंचमांश आणि १०० टक्क्यांना निम्मी असते.

५४० ग्रॅम पाहून फसवणूक झाल्याची शंका येणे साहजिक आहे, परंतु विक्रीच्या आइस्क्रीमने निदान किती भरावे याचे नियम अनेक देशांत आहेत आणि ते आकडे बोलके आहेत. अमेरिकेत आइस्क्रीमच्या एका गॅलनचे वजन किमान ४.५ पौंड असावे लागते, म्हणजे लिटरला सुमारे ५३९ ग्रॅम. भारतातील अन्नसुरक्षेच्या मानकात ही मर्यादा लिटरला ५२५ ग्रॅम आहे. आपला डबा या किमान रेषेच्या अगदी जवळ आहे, पण तिच्या खाली नाही.

प्रतिसाद ३

मला वाटते, इथे पाण्याचे गोठणेही विचारात घ्यायला हवे. पाण्याचा बर्फ होताना ते ९ टक्क्यांनी फुगते, मग आइस्क्रीमच्या आकारमानातून सरळ ९ टक्के वजा केले तर हवेचा खरा आकडा मिळणार नाही का?

प्रतिसाद ४

प्रश्न योग्य आहे, मात्र ९ टक्के हा आकडा फार मोठा होतो. मिश्रणात पाणी साधारण ६० टक्केच असते आणि नेहमीच्या डीप फ्रीझरमध्येही ते सगळे गोठत नाही, कारण साखरेमुळे उरलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली खाली जात राहतो. उणे १८ अंश सेल्सियसला सुमारे तीन चतुर्थांश पाणी गोठलेले असते असे धरू. १ किलो मिश्रणात ६१० ग्रॅम पाणी असेल तर त्यातले सुमारे ४५७ ग्रॅम बर्फ होईल. बर्फाची घनता ०.९१७ असल्यामुळे त्याला ४९९ मिलिलिटर जागा लागेल, म्हणजे वाढ झाली साधारण ४१ मिलिलिटरची. मूळ मिश्रण ९१० मिलिलिटरचे होते, म्हणून ही वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास पडते. हवेचा एकही बुडबुडा न भरता मिश्रण तसेच डब्यात गोठवले, तर त्याची घनता १.१ वरून सुमारे १.०५ वर येते, ती या कारणाने.

रूपांतरासाठी हे वेगळे वजा करण्याची गरज मात्र नाही. ओव्हररन आपण आधीच्या आणि नंतरच्या आकारमानांवरून काढतो, त्यामुळे बर्फाची वाढ त्यात आपोआप धरली जाते. डब्यात किती ग्रॅम मावतील एवढेच हवे असेल, तर फुगवटा हवेमुळे किती आणि बर्फामुळे किती याने उत्तर बदलत नाही.

प्रतिसाद ५

सगळीकडे १.१ हाच आकडा धरला जात आहे, तो कुठून येतो तेही सांगावेसे वाटते, म्हणजे ज्यांची कृती वेगळी आहे त्यांना स्वतःचा आकडा काढता येईल. १०० ग्रॅम मिश्रणातील प्रत्येक घटक किती जागा घेतो ते काढायचे आणि बेरीज करायची. दुधाच्या स्निग्धांशाची घनता ०.९३, साखर आणि दुधातील स्निग्धेतर घन पदार्थ यांची मिळून सुमारे १.५८ आणि पाण्याची १ धरतात. समजा, मिश्रणात १२ टक्के स्निग्धांश, साखर आणि इतर घन पदार्थ मिळून २७ टक्के आणि पाणी ६१ टक्के आहे. स्निग्धांशाला १२.९, घन पदार्थांना १७.१ आणि पाण्याला ६१ मिलिलिटर लागतील, म्हणजे एकूण ९१. शंभराला ९१ ने भागले की १.१ येतो.

स्निग्धांश पाण्यावर तरंगतो आणि साखर बुडते, त्यामुळे साय वाढवली की घनता थोडी उतरते आणि साखर वाढवली की चढते. दूध न घालता केवळ फळांचा रस आणि साखर यांचे सॉर्बे केले, तर ३० टक्के साखरेच्या द्रावणाची घनता १.१३ च्या जवळ असते. हे फरक फार तर दोन-तीन टक्क्यांचे आहेत. हवेमुळे पडणारा फरक दुपटीचा असू शकतो, म्हणून सगळी काळजी हवेच्या मापनात खर्च करावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ६

परदेशी कृती वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. औंस हा शब्द वजनालाही वापरतात आणि द्रवाच्या मापालाही. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो आणि अमेरिकी द्रव औंस २९.५७ मिलिलिटरचा. पाण्याच्या बाबतीत हे दोन्ही जवळपास सारखे पडतात, म्हणून त्यांची अदलाबदल करण्याची सवय लागते, पण आइस्क्रीमच्या बाबतीत ती घातक ठरते. १६ द्रव औंसांचा पाइंट म्हणजे ४७३ मिलिलिटर, आणि तेवढ्या आइस्क्रीमचे वजन सहसा १६ औंस भरणार नाही. १०० टक्के ओव्हररनला ते ९ औंसांच्या आसपास भरेल. शिवाय ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तर अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. कप अमेरिकेत सुमारे २३७ मिलिलिटरचा आणि मेट्रिक पद्धतीत २५० चा असतो. कृती कोणत्या देशातली आहे हे पाहिल्याशिवाय गुणाकाराला हात घालू नये.

प्रतिसाद ७

माझ्यासाठी हा विषय हौसेपुरता मर्यादित नाही. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे आणि ती जे काही खाते त्यातील कर्बोदके मोजून, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणाने आम्हाला इन्सुलिन द्यावे लागते. सुरुवातीची काही वर्षे मी एक स्कूप म्हणजे अमुक ग्रॅम कर्बोदके असा एकच आकडा वहीत लिहून ठेवला होता आणि आइस्क्रीम बदलले की तिची साखर कधी वर, कधी खाली का जाते ते मला उमगत नव्हते.

पुढे हिशेब मांडून पाहिला तेव्हा कारण समोर आले. दोन आइस्क्रीम घ्या, दोन्हींमध्ये १०० ग्रॅमला २४ ग्रॅम कर्बोदके आहेत असे समजा. ५९ मिलिलिटरचा सपाट स्कूप पहिल्या, भरपूर हवेच्या आइस्क्रीमचा असेल तर तो सुमारे ३२ ग्रॅम भरतो आणि त्यात पावणेआठ ग्रॅम कर्बोदके येतात. दुसरे घट्ट आणि कमी हवेचे असेल तर तोच स्कूप ५२ ग्रॅम भरतो आणि कर्बोदके साडेबारा ग्रॅम होतात. चमचा तोच, वाटी तीच, दिसायलाही गोळा तेवढाच, आणि दोन्हींत जवळजवळ पाच ग्रॅमचा फरक. दोन गोळे घेतले तर तो दहाच्या घरात जातो.

तेव्हापासून मी वाटी काट्यावर ठेवते, काटा शून्यावर आणते आणि आइस्क्रीम ग्रॅममध्येच मोजते. वेष्टनावरचे पोषणमूल्य १०० ग्रॅमला दिले आहे की १०० मिलिलिटरला, हे मात्र प्रत्येक वेळी वाचावे लागते, कारण दोन्ही प्रकारची वेष्टने असतात. मिलिलिटरचे मूल्य असेल तर त्याला त्या आइस्क्रीमच्या घनतेने भागायचे. डब्यावर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतील तर घनता त्यावरूनच मिळते. उदाहरणार्थ, ७५० मिलिलिटर आणि ४१० ग्रॅम असे छापले असेल तर घनता ०.५५ झाली. १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम कर्बोदके लिहिली असतील, तर १०० ग्रॅमला ती २३.६ ग्रॅम होतात. मिलिलिटरचा आकडा ग्रॅमचा समजून वापरला तर कर्बोदके जवळपास निम्मीच मोजली जातील, आणि आमच्यासारख्या घरात ती चूक परवडत नाही.

प्रतिसाद ८

ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या वडिलांच्या आहाराचा हिशेब मीही स्कूपनेच करत होतो.

प्रतिसाद ९

स्कूपचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. तरफेच्या स्कूपवर कोरलेला क्रमांक म्हणजे एका अमेरिकी क्वार्टमध्ये, अर्थात ९४६ मिलिलिटरमध्ये, सपाट भरलेले किती स्कूप बसतात तो आकडा. म्हणून १६ क्रमांकाचा स्कूप ५९ मिलिलिटरचा, २० क्रमांकाचा ४७ चा आणि ८ क्रमांकाचा ११८ चा असतो. क्रमांक वाढला की गोळा लहान होतो, हे नवख्या माणसाला उलटे वाटते.

मात्र डब्यावरच्या लिटरला स्कूपच्या मिलिलिटरने भागून गोळ्यांची संख्या काढली तर ती प्रत्यक्षात कधीच भरत नाही. स्कूप दाबून ओढताना बुडबुडे फुटतात आणि आइस्क्रीम दबते, शिवाय गोळा सहसा सपाट न राहता शिगोशीग भरला जातो. ४ लिटरच्या डब्यातून १६ क्रमांकाचे ६७ गोळे निघायला हवेत, पण मला ते कधी मिळालेले नाहीत. डब्यातले एकूण ग्रॅम आणि आपल्या हाताने काढलेल्या एका गोळ्याचे ग्रॅम यांचा भागाकार केला, तर संख्या बरोबर येते. त्यासाठी पाच-सहा गोळे वजन करून सरासरी काढावी.

प्रतिसाद १०

आइस्क्रीम वितळवून त्याचे आकारमान मोजले तर सोपे होणार नाही का? हवा निघून जाईल आणि वाढ किती होती ते कळेल.

प्रतिसाद ११

तत्त्वतः होईल, पण वितळलेल्या आइस्क्रीमवर फेस टिकून राहतो, विशेषतः त्यात स्टॅबिलायझर (मिश्रण दाट आणि एकजीव ठेवणारा पदार्थ) घातलेले असेल तर तो लवकर बसतच नाही, आणि फेसाची पातळी वाचणे हे अंदाजाचे काम आहे. त्यापेक्षा एकाच कपाने आधी मिश्रण आणि मग आइस्क्रीम वजन करण्याची रीत अधिक खात्रीची आहे. धंद्यातही रोजचे ओव्हररन असेच काढतात.

एक लहान, जाड काठाचा, सरळ उभ्या बाजूंचा स्टीलचा कप घ्यावा. तो रिकामा असताना काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरून वजन करावे. पाण्याचे जेवढे ग्रॅम तेवढे कपाचे मिलिलिटर, इतकी अचूकता आपल्याला पुरते. कप पुसून त्यात फ्रिजमधले थंड मिश्रण काठोकाठ भरावे आणि वजन लिहून ठेवावे. मिश्रण मिक्सरमधून नुकतेच काढलेले असेल तर त्यात फेस असतो आणि ते हलके भरते, म्हणून रात्रभर मुरलेले मिश्रणच घ्यावे. यंत्रातून आइस्क्रीम निघाले की लगेच तोच कप, आधी थंड करून, भरावा. कोपऱ्यांत पोकळी राहू नये म्हणून कप ओट्यावर हलकेच आपटावा, परंतु चमच्याने दाबू नये. वरून सुरीच्या पाठीने सपाट करून वजन करावे. मिश्रणाच्या वजनातून आइस्क्रीमचे वजन वजा करावे, आलेल्या फरकाला आइस्क्रीमच्या वजनाने भागावे आणि १०० ने गुणावे. हे झाले ओव्हररन.

भागताना आइस्क्रीमच्या वजनाने भागायचे आहे, मिश्रणाच्या नव्हे. कपात मिश्रण २७५ ग्रॅम आणि आइस्क्रीम १९० ग्रॅम भरले तर फरक ८५ चा आहे. त्याला १९० ने भागले की ४५ टक्के येतात, तर २७५ ने भागले की ३१ येतात. हा दुसरा आकडा हवेचा हिस्सा दाखवतो, ओव्हररन नव्हे. प्रतिसाद २ मध्ये सांगितलेला फरक तो हाच.

प्रतिसाद १२

चॉकलेटचे तुकडे किंवा सुका मेवा घातला की हे सूत्र बिघडते, कारण त्या तुकड्यांत हवा शिरत नाही. अशा वेळी वजने वेगळी आणि आकारमाने वेगळी मिळवावीत. ०.७३ घनतेचे एक लिटर आइस्क्रीम ७३० ग्रॅमचे असते. त्यात १५० ग्रॅम चॉकलेट घातले, तर चॉकलेटची घनता सुमारे १.३ असल्यामुळे ते ११५ मिलिलिटर जागा घेईल. एकूण ८८० ग्रॅम, १११५ मिलिलिटर आणि घनता ०.७९. घनतांची नुसती सरासरी काढली तर आकडा साफ चुकेल.

आणखी एक गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली आहे. भरपूर हवेचे आइस्क्रीम उंच घाटातून नेले तर बाहेरचा दाब कमी झाल्याने बुडबुडे फुगतात, झाकण उचलले जाते आणि खाली उतरल्यावर आइस्क्रीम डब्याच्या कडांपासून सुटून आक्रसते. तापमान वारंवार वर-खाली झाले तरीही ते असेच बसते. वजन एका ग्रॅमनेही हलत नाही.

धागाकर्ता

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, म्हणून मोजणी करूनच उत्तर द्यायचे असे मी ठरवले होते. काल त्याच कृतीचे मिश्रण पुन्हा केले, रात्रभर मुरवले आणि प्रतिसाद ११ मधील रीतीने मोजले. माझ्या कपात पाणी २१२ ग्रॅम बसते आणि मिश्रण २३३ ग्रॅम, म्हणजे घनता १.०९९ आली. १.१ या आकड्याशी ती इतकी जुळलेली पाहून मला मनापासून आनंद झाला. आइस्क्रीम मी तीन वेगवेगळ्या घाण्यांतून घेतले आणि ते १७२, १७५ आणि १७४ ग्रॅम भरले. सरासरी १७३.७ धरली तर ओव्हररन ३४ टक्के आणि घनता ०.८२. मागच्या वेळचे उरलेले अर्धा लिटर कुठून आले, ते आता काट्यावरच दिसले.

पुढच्या महिन्यात मला ४० जणांसाठी आइस्क्रीम करायचे आहे. प्रत्येकी १६ क्रमांकाचे दोन गोळे म्हणजे ११८ मिलिलिटर, एकूण ४७२० मिलिलिटर. ०.८२ ने गुणले की ३८७० ग्रॅम येतात. गोळे काढताना होणारी घट आणि भांड्याला लागून राहणारे मिश्रण यांसाठी मी दहा टक्के जास्त धरून ४२५० ग्रॅम मिश्रण करणार आहे. त्याचे ५.१८ लिटर होतील, म्हणून एक-एक लिटरचे सहा डबे थंड करून ठेवीन. यंत्राचे भांडे दीड लिटरचे आहे. त्याला १.३४ ने भागले तर एका घाण्यात मिश्रण फार तर ११२० मिलिलिटर, म्हणजे १२३० ग्रॅम घालता येते. भांडे ओसंडू नये म्हणून मी ते १०६० ग्रॅमवरच थांबवीन आणि चार घाण्यांत काम संपवीन.

प्रतिसाद ७ लिहिणाऱ्या ताईंना एवढेच सांगतो की, पाहुण्यांमध्ये मधुमेह असलेला एक मुलगा आहे. कृतीतील साखर आणि दूध यांवरून १०० ग्रॅमची कर्बोदके काढून ती डब्याच्या झाकणावर लिहीन आणि शेजारी काटा ठेवीन.

प्रतिसाद १३ (प्रतिसाद ७ लिहिणाऱ्या सदस्या)

झाकणावर ग्रॅमला की मिलिलिटरला, तेही ठळक लिहावे. त्या मुलाच्या आईला विचारण्याची वेळ येणार नाही.